वेंडेलचं तळघर आणि डार्लीनचं हसू

वेंडेल स्कोव्ह कुणाच्याही घरात शिरला की आधी नाक वर करून वास घेतो. मग "सगळं ठीक आहे ना?" असं अशा स्वरात विचारतो, की आपल्यालाच वाटायला लागतं, काहीतरी ठीक नसणार आणि ते आपणच लपवलंय. रसीन गावच्या गॅस कंपनीत तो गळती शोधायचं काम करतो. संशय घेण्याबद्दल त्याला पगार मिळतो, विमा मिळतो आणि ख्रिसमसला टर्कीही मिळते. अडचण एवढीच, की कामाचे तास संपले तरी तो संशयाचा कॉक बंद करत नाही. बेकरीतून पेकान भरलेलं क्रिंगल, म्हणजे गोड पावाचं कडं, आणलं तर तो ते आधी उलटं करून बघतो. शुक्रवारी आम्ही सगळे तळलेले मासे खायला जातो, तिथे पहिला घास घेऊन म्हणतो, "हा कॉड नाही."

"मग काय आहे?"

"ते त्यांनी सांगावं."

त्याची बायको डार्लीन शाळेच्या कॅन्टीनमध्ये मुख्य स्वयंपाकीण आहे. ती सांगते, "याने मला लग्नाचं विचारलं. मी हो म्हटलं. तर म्हणाला, का?"

या दोघांची आणि माझी ओळख हार्बर सेंटिनल्समधली. आमच्या भागात त्या काळी प्रत्येक गावाचं एक ड्रम आणि बिगुलांचं पथक असायचं. चर्चचं, कारखान्याचं, नाहीतर माजी सैनिकांच्या क्लबचं. आमचं बंदरावरच्या गोदामात सराव करायचं. हिरवे कोट, पांढऱ्या पँटी आणि डोक्यावर असा तुरा की बसमध्ये बसताना मान वाकडी करावी लागे. मी बिगूल वाजवायचो, वेंडेल ड्रम. बर्नी हाल्वर्सनकडे सगळ्यांत मोठा बिगूल होता, कारण सगळ्यांत मोठा खांदाही त्याच्याकडेच होता. क्लेटन ब्रिक्स पथकाच्या पुढे उभा राहून हातवारे करायचा. आता तो विमा विकतो, म्हणजे हातवारे चालूच आहेत. आणि डार्लीन रायफलवाल्या मुलींची प्रमुख. लाकडाच्या, पांढऱ्या रंगवलेल्या रायफली आकाशात भिरकवायच्या आणि गरागरा फिरत खाली आल्या की झेलायच्या, हे त्या मुलींचं काम. झेलताना कुणी चुकून हसली तर डार्लीन तिला मैदानाला फेऱ्या मारायला लावायची. तिच्या मते हसणं हा बेशिस्तपणाचा पहिला दाखला होता.

मिस्टर प्रोचास्का आमचे व्यवस्थापक. त्यांचा एक नियम होता: मोसम चालू असताना प्रेमबीम नाही. मुलांची बस वेगळी, मुलींची वेगळी. उन्हाळाभर आम्ही गावोगावच्या शाळांच्या व्यायामशाळांत जमिनीवर झोपायचो, पीनट बटर लावलेला पाव खायचो आणि एकवीस वर्षं पूर्ण झाली की पथकातून बाहेर. बाहेर पडताना धिप्पाड मुलंसुद्धा हुंदके देत रडायची. एवढे हाल पुन्हा होणार नाहीत याचं दुःख असावं.

एक्क्याऐंशी साली राज्याच्या स्पर्धेआधी प्रोचास्का म्हणाले, "पहिल्या तिघांत आलात तर बस मॉन्ट्रियलला, मोठ्या स्पर्धेला. नाही आलात तर बस घरी." आम्ही चौथे आलो. एका दशांश गुणाने.

त्या काळी पंच गॅलरीत बसत नसत. हातात पाटी आणि पेन्सिल घेऊन ते वाजवणाऱ्यांच्या रांगांमधून फिरत, तुमच्या काठीसमोर कान आणत आणि चूक दिसली की एक टिक मारत. एक टिक म्हणजे एक दशांश. त्या संध्याकाळी ड्रमचा पंच वेंडेलसमोर बराच वेळ थांबला होता, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. शिवाय शेवटच्या गाण्यात मागे कुठेतरी एक रायफल धप्पकन पडली, हे सगळ्यांनी ऐकलं होतं. पण रायफल कुणाची पडली हे विचारायचं नसतं. तो आमच्याकडचा जुना रिवाज आहे. जिच्या हातून पडली तिचं नाव त्या मुलींच्या बाहेर जात नाही, नवऱ्यालाही सांगत नाहीत, चर्चमध्ये पाद्र्यालाही नाही. रायफलीबद्दल बोलता येत नाही, मग मॉन्ट्रियल कुणी बुडवलं? वेंडेलच्या टिकने. पंचवीस वर्षं क्लेटन हेच सांगत आला. वेंडेलही पंचवीस वर्षं सांगत आला, की तो पंच विकला गेला होता, निदान उधार तरी दिला गेला होता.

दर जुलैच्या शेवटच्या शनिवारी आम्ही वेंडेलच्या तळघरात जमतो आणि त्या स्पर्धेची व्हिडिओ कॅसेट बघतो. ती कॅसेट म्हणजे कॉपीच्या कॉपीची कॉपी. आमचे कोट तिच्यात राखाडी आहेत आणि चेहरे उकडलेल्या बटाट्यांसारखे. कोण कोण हे फक्त उभं राहण्याच्या जागेवरून कळतं. बायका मुलांना दाखवतात, "तो बघ बाबा," आणि मूल बटाट्याकडे बघून हात हलवतं. ब्राटवुर्स्ट सॉसेज खाऊन होतं, बिअर उघडली जाते, आणि शेवटी सगळी पथकं निकालासाठी मैदानावर अटेन्शनमध्ये उभी राहतात तो भाग येतो. तेव्हा तळघरातही कुणी बोलत नाही. वेंडेल सोफ्यावरून उठून टीव्हीसमोर अटेन्शनमध्ये उभा राहतो. पोट तेवढं अटेन्शनमध्ये येत नाही.

यंदा जुलैच्या मध्याला बर्नीचा फोन आला. प्रोचास्काबाई वृद्धाश्रमात गेल्या, त्यांचं घर आवरताना मुलीला मूळ कॅसेट सापडली. चित्रण बाईंनीच केलं होतं, हे तेव्हा कळलं. बर्नीने ती दुकानात देऊन तिची स्वच्छ डिस्क करून घेतली. स्वतः बघितली नाही, कारण त्याच्याकडे डिस्कचं यंत्र नाही आणि असतं तरी त्याला चालवता आलं नसतं. वेंडेलने त्याच दिवशी त्याच्या घरी जाऊन डिस्कही घेतली आणि कॅसेटही.

"माझ्याकडे एक राहू दे की," बर्नी म्हणाला.

"कशाला?"

"बघायला."

"हं," वेंडेल म्हणाला, आणि दोन्ही घेऊन निघाला.

दुसऱ्या दिवशी त्याने मला बोलावलं. मी तळघरात उतरलो तेव्हा तो टीव्हीपासून एका फुटावर स्टुलावर बसला होता.

"फार स्वच्छ आहे," तो म्हणाला. "मला आवडत नाही."

पण त्याचा चेहरा उजळलेला होता. त्याने चित्र मागे नेलं, पुढे नेलं, थांबवलं. बटाट्यांना चेहरे आले होते. वीस वर्षांचा वेंडेल, ओठ घट्ट मिटलेला, आणि समोर पाटी घेऊन वाकलेला पंच.

"पेन्सिल बघ. माझ्याकडे बघू नकोस, पेन्सिल बघ."

मी पेन्सिल बघितली. वेंडेलसमोर पंच थांबला, वाकला, आणि पेन्सिल जागची हलली नाही. तो एक पाऊल सरकला. शेजारच्या ड्रमवरच्या डॅरिलसमोर पेन्सिल हलली.

"डॅरिल," वेंडेल हळूच म्हणाला. पंचवीस वर्षांचं ओझं त्या एका नावात खाली ठेवलं त्याने. "शेवटच्या शनिवारी क्लेटनला पहिल्या रांगेत बसवणार आहे. खुर्ची ठरवलीय."

"अभिनंदन. मग आवडत नाही असं का म्हणालास?"

त्याने चित्र पुढे नेलं. निकालाचा भाग. सगळे पुतळ्यासारखे उभे. आमच्या पथकात क्लेटनच्या मागोमाग, पहिल्या रांगेत, रायफल छातीशी धरून, डार्लीन. भोंग्यातून आवाज आला: चौथा क्रमांक, हार्बर सेंटिनल्स. मागच्या रांगेत बर्नीचा चेहरा कोसळला. माझा कोसळलेला मी पहिल्यांदाच पाहिला आणि फारसा आवडला नाही. आणि डार्लीन हसली.

ओझरतं नाही. आधी ओठांच्या कोपऱ्यांशी आलं, तिने ते दाबलं, आणि मग ते दाबूनही मावलं नाही.

वेंडेलने चित्र थांबवलं. "कुणाकडे बघून?"

"मला काय माहीत?"

"तू कुठं उभा होतास?"

"अरे, दरवर्षी तूच बोट ठेवून दाखवतोस. तिसऱ्या रांगेत, तिच्या मागे."

"पाठीमागून काही बोललास?"

"वेंडेल, बिगूलवाला अटेन्शनमध्ये बोलला असता तर प्रोचास्कांनी मला बसच्या टपावर बांधून आणलं असतं."

"म्हणजे बोलायचं मनात होतं, फक्त टपाची भीती होती."

मला बोलावण्याचं खरं कारण तेव्हा लक्षात आलं. मी साक्षीदार नव्हतो, आरोपींच्या यादीत पहिला होतो. माझ्या बाजूने एवढंच होतं, की मी तिच्या मागे होतो आणि ती पुढे बघून हसत होती. वेंडेलही मागेच होता, म्हणजे त्याच्याकडे बघूनही नाही. पुढे होता क्लेटन, पण त्याची तिच्याकडे पाठ. त्याच्या पुढे गॅलरी.

"कॅमेरा कुणाकडे होता?" त्याने विचारलं.

"प्रोचास्काबाईंकडे. बर्नीने सांगितलं ना."

"त्यांच्या शेजारी कोण बसलं होतं?"

"वेंडेल, तिलाच विचार."

"गळती शोधताना पाइपाला विचारतात का?" तो म्हणाला. "दाब देऊन बघतात."

त्याने दाब द्यायला मला त्या बुधवारी जेवायला बोलावलं. मी पंच म्हणून हवा होतो. डार्लीनने बटाट्याचं सॅलड वाढलं आणि वेंडेलने काटा हातात घेऊन, तिच्या चेहऱ्यावरून नजर न हलवता, सहज म्हणून म्हटलं, "क्लेटनची तब्येत बरी नाही म्हणे."

"कोण म्हणालं? सकाळीच भेटला औषधाच्या दुकानात. केवढा जाड झालाय."

"जाड झालाय हे तू बघितलंस."

"तो दारातून आत येत होता आणि मी बाहेर पडत होते. बघितलं नसतं तर दोघं अडकलो असतो. नॉर्म, तू का खात नाहीयेस? यानं तुलाही काही सांगितलंय का सॅलडबद्दल?"

मी खाल्लं. वेंडेलने माझ्याकडे असं पाहिलं, की क्लेटन सुटला असून मी पुन्हा यादीत आलोय हे मला कळलं. त्या आठवड्यात त्याने बर्नीला, डॅरिलला, दोन बिगूलवाल्यांना आणि एका जुन्या बसड्रायव्हरला काही ना काही निमित्ताने दाब देऊन पाहिला. बसड्रायव्हरला नीट ऐकू येत नाही, त्यामुळे तो प्रत्येक प्रश्नाला हो म्हणाला. वेंडेलला एक रात्र झोप लागली नाही.

विनोद सोडला तर मला त्याची काळजी वाटायला लागली होती. संशय हा त्याचा धंदा होता, पण घराबाहेरचा. डार्लीनवर तो कधी संशय घेत नसे. 'का?' विचारलं होतं ते एकदाच, आणि तिच्या 'हो'वर इतकी वर्षं तो निवांत राहत होता. आता ती भांडी विसळताना गुणगुणली तरी हा वरच्या पायरीवर उभा राहून गाणं कुठलं ते ऐकायचा.

रविवारी चर्चनंतर मी त्याची शिडी परत द्यायला गेलो. तो तळघरात होता. टीव्हीवर डार्लीनचं हसू थांबवलेलं, चांगलं दीड फूट रुंद. मी काही बोलणार तेवढ्यात कपड्यांची टोपली घेऊन डार्लीन जिना उतरली. तिने टीव्हीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग माझ्याकडे.

"अगंबाई," ती म्हणाली. "किती बारीक होते मी."

"कुणाकडे बघून हसलीस?" वेंडेलने विचारलं. दाबबिब काही नाही. एकदम सरळ.

"कधी?"

त्याने चित्र मागे नेलं आणि चालवलं. चौथा क्रमांक, हार्बर सेंटिनल्स. ती टीव्हीवर हसली. टोपली घेऊन उभी असलेली डार्लीन मात्र हसली नाही.

"याच्यासाठी आठवडाभर माझ्या मागे मागे फिरतोयस होय," ती म्हणाली. "कुणाकडेच बघून नाही. निकाल ऐकला म्हणून."

"चौथे आलो तो?"

"हो."

कुणी त्याला क्लेटनचं नाव सांगितलं असतं तर तो एवढा पांढरा पडला नसता, असं मला आजही वाटतं. "तुला आनंद झाला?" तो म्हणाला. "आपण हरलो याचा?"

"वेंडेल, माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखं निघाली होती. जून महिन्यापासून मी पलंगावर झोपले नव्हते. मॉन्ट्रियल म्हणजे आणखी तीन आठवडे जमीन आणि पीनट बटर."

"सगळ्यांचीच नखं निघाली होती. कुणी हसलं नाही."

"आणि तू," ती म्हणाली, "जूनमध्ये बसच्या पायरीवर मला म्हणाला होतास, मोसम संपला की एक गोष्ट बोलायचीय. त्यानंतर दोन महिने माझ्याकडे बघितलंही नाहीस. प्रोचास्कांचा नियम. सगळी मुलं नियम मोडत होती, क्लेटन तर दर गावात मोडत होता. तू एकटा पाळत बसलास. मी म्हटलं, सुटलो, संपला मोसम. आता तरी हा तोंड उघडेल."

मी शिडीकडे बघत राहिलो. दुसरा कुणीही नवरा इथे विरघळला असता. वेंडेलने डोळे बारीक केले.

"हे आत्ता सुचलं का तुला?"

"नॉर्म," डार्लीन मला म्हणाली, "बघतोयस ना?"

"रायफल कुणाची पडली?" वेंडेलने विचारलं.

मला वाटलं, कोपऱ्यातला वॉटर हीटरसुद्धा थांबला. त्याला काय म्हणायचंय ते आम्हा तिघांनाही कळलं होतं. जिला मोसम संपायला हवा होता, तिच्या हातून पडली का? आणि पडली, की सोडली?

डार्लीनने टोपली खाली ठेवली. "ते मी सांगणार नाही."

"मी नवरा आहे तुझा."

"म्हणूनच. नवऱ्यालाही सांगायचं नसतं. नव्या मुलींना हा नियम तूच समजावून सांगायचास. मला आठवतंय, ड्रमवर उभा राहून सांगायचास."

वेंडेलसारख्या माणसाला यापेक्षा वाईट जागी कुणी कोंडलं नसेल. गळतीचा वास येतोय, पाइप समोर आहे, आणि पाना स्वतःच्याच हाताने तळ्यात टाकलेला. डार्लीनने त्याच्या पायाशी पडलेले मोजे उचलून टोपलीत टाकले आणि वर गेली.

"तिनेच सोडली," तो मला म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "नाही सोडणार. ती नाही सोडणार." मग म्हणाला, "नॉर्म, तुला काय वाटतं?"

"मला वाटतं शिडी कुठं ठेवू ते सांग."

जुलैचा शेवटचा शनिवार आला. सगळे जमले. बर्नीने खास या डिस्कसाठी नवा शर्ट घातला होता. कुणी लेकरंबाळं आणली होती, डॅरिलने बायकोसोबत सासूही आणली होती. पहिल्या रांगेत मधोमध क्लेटनची खुर्ची मांडलेली होती, आणि क्लेटन तीत बसून ब्राटवुर्स्टवर मोहरी पिळत होता. मी वेंडेलकडे बघत होतो. त्याला एवढंच करायचं होतं: डिस्क यंत्रात घालायची. पेन्सिल सगळ्यांना दिसली असती आणि क्लेटनचं तोंड कायमचं बंद झालं असतं. आणि मग, थोड्या वेळाने, निकाल. तो भाग बघितल्याशिवाय या तळघरातून कधी कुणी गेलं नव्हतं. एवढी माणसं, सगळ्यांचे चेहरे कोसळलेले, आणि एक हसरा. आमचे लोक चांगले आहेत, पण मॉन्ट्रियलच्या बाबतीत ते कुणाला माफ करत नाहीत. डार्लीनला त्यांनी जन्मभर ऐकवलं असतं, आणि रायफलीचा प्रश्न रिवाज मोडून कुणीतरी मोठ्याने विचारलाच असता.

"लाव की डिस्क," बर्नी म्हणाला.

"डिस्क लावणार नाही," वेंडेल म्हणाला.

"का?"

"ती खोटी आहे."

सगळे हसले. मग तो हसत नाही हे बघून थांबले.

"खोटी म्हणजे काय लेका?" बर्नी म्हणाला. "मी स्वतः दुकानात देऊन आलोय."

"तेच. दुकानात काय करतात कुणाला माहीत? फार स्वच्छ आहे. माणसं अशी दिसत नाहीत. मी पाहिलीय. त्यात माझे हातसुद्धा माझे नाहीत."

हे दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर बर्नीने त्याला डिस्कसकट खिडकीतून बाहेर काढलं असतं. पण हा वेंडेल होता. कॉडला कॉड न मानणारा माणूस डिस्कला खरं मानत नाही, यात कुणाला नवल वाटलं नाही. "झालं याचं सुरू," डॅरिलची बायको म्हणाली. बर्नी पुटपुटत खाली बसला. मूळ कॅसेट कुठाय, असं त्याने विचारलं, तर वेंडेल म्हणाला, "तिच्यावरही माझा विश्वास नाही," आणि जुनी, कॉपीच्या कॉपीची कॉपी यंत्रात ढकलली.

क्लेटनने मात्र संधी सोडली नाही. "म्हणजे वेंडेल, डिस्कमध्ये पंच तुझ्यासमोर टिक मारताना स्वच्छ दिसतोय, असंच ना?"

वेंडेलचा हात यंत्रावरच राहिला. त्याच्या मानेची शीर मला मागून दिसत होती. डॅरिल समोरच बसला होता, चिप्स खात, पेन्सिल आपल्यापाशी हलली होती याची कल्पनाही नसलेला.

"मारली असेल," वेंडेल म्हणाला.

पंचवीस वर्षं हा माणूस जे मान्य करत नव्हता, ते त्याने मोहरीची बाटली मागावी तसं मान्य केलं होतं. क्लेटन चक्क खट्टू झाला. भांडायला कुणी उरलं नाही की त्याला खाल्लेलं पचत नाही.

मी मागे वळून पाहिलं. डार्लीन तळलेल्या चीजची थाळी घेऊन जिन्याच्या मध्यावर उभी होती. कधीपासून, ते माहीत नाही.

कॅसेट चालू झाली. राखाडी कोट, उकडलेले बटाटे. आम्ही वाजवलं, फिरलो, कुठेतरी मागे धप्प झालं, आणि नेहमीप्रमाणे कुणी काही बोललं नाही. मग निकाल. वेंडेल उठून टीव्हीसमोर अटेन्शनमध्ये उभा राहिला. डार्लीनने थाळी क्लेटनच्या मांडीवर ठेवली आणि जाऊन नवऱ्याच्या शेजारी उभी राहिली, टाचा जुळवून, हनुवटी वर. तिला असं उभं राहिलेलं आम्ही इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

चौथा क्रमांक, हार्बर सेंटिनल्स.

"तुझी होती का गं ती?" वेंडेलने मान न वळवता, अगदी हळू विचारलं. मी त्यांच्या मागेच होतो म्हणून मला ऐकू आलं.

"समोर बघ," डार्लीन म्हणाली.

तो समोर बघत राहिला.